चौकशीचा माणूस

"तुमच्या घरी बारीक कापलेल्या केसांच्या, गाऊन घातलेल्या कुणी बाई राहतात का?"

फोनवर निवेदिता होत्या, कंपनीच्या भरती विभागातल्या. तोवरचे त्यांचे सगळे फोन गोड आवाजात सुरू झाले होते. हा झाला नाही.

"माझी आई," मी म्हणाले. "केस कापलेले नाहीत. परत यायला लागलेत."

"सॉरी. मला ते माहीत नव्हतं. आमच्या एजन्सीचा माणूस तुमच्या पत्त्यावर पडताळणीला आला होता, त्याने दारात फोटो काढलाय. तो पाठवते. तुमच्या आईच आहेत ना, एवढं बघून सांगा."

फोटो आला. आमच्या चाळीसगावच्या घराचा हिरवा दरवाजा, त्यावरची अण्णांच्या नावाची पाटी आणि पाटीखाली आई. धुवट निळा गाऊन, उघडं डोकं, त्यावर बोटाच्या पेराएवढे पांढरे केस. ऊन तोंडावर आल्यामुळे तिने डोळे बारीक केले होते. केस किती वाढलेत, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

"आईच आहे."

"मग अडचण आहे, केतकी. आईंनी असं सांगितलंय की तुम्ही आजवर कुठेही नोकरी केलेली नाही. घरूनसुद्धा नाही. शेजारच्या बाईंनीही तेच सांगितलंय."

आई माझ्यासमोरच बसली होती. वर्तमानपत्रावर मेथीची जुडी सोडून एकेक काडी निवडत होती. फोनवर कोण आहे हे तिला कळलं होतं, कारण मी उभी राहिले होते. मुलाखती सुरू झाल्यापासून मला ती सवय लागली होती.

"ती चूक झालीय," मी म्हणाले.

"असेलही. पण तुमच्या आधीच्या कंपनीचा फोन बंद आहे, मेल परत येतायत. काम तुम्ही घरून केलंत, म्हणून शेवटी घरी विचारायला सांगितलं, तर घरचेच नाही म्हणतात. शुक्रवारपर्यंत खुलासा झाला नाही तर ऑफर मागे घ्यावी लागेल. माझ्या हातात तेवढंच आहे."

मी फोन ठेवला. सोमवारी मला पुण्याला रुजू व्हायचं होतं. नवी बॅग पलंगाखाली होती आणि तिच्या आत अजून तो दुकानातला फुगवलेला कागद होता.

"आई, मी धुळ्याला मेडिकल तपासणीला गेले होते तेव्हा कुणी आलं होतं?"

"आला होता एक मुलगा."

"काय विचारलं त्याने?"

"तुझ्याबद्दलच विचारलं. काय करते, कुठे असते, आधी कुठे नोकरीला होती का."

"आणि तू काय सांगितलंस?"

आईने एक पिवळं पान बाजूला टाकलं. "मला वाटलं चौकशीचा माणूस आहे."

आमच्याकडे चौकशीचा माणूस म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही. स्थळ पुढे न्यायचं की नाही हे ठरवण्याआधी मुलाकडचा कुणीतरी न सांगता गावात येऊन जातो. कधी भाड्याने खोली मिळेल का विचारतो, कधी चुकीच्या घराची कडी वाजवतो, आणि चहा पिता पिता मुलीची सगळी माहिती काढून नेतो. आदल्या वर्षी पाचोऱ्याच्या लोकांनी असाच माणूस पाठवला होता. शेजारच्या बोरसे काकूंनी त्याला कौतुकाने सांगितलं, की बाप गेला, आई आजारी, पण पोरीने सगळं घर अंगावर घेतलंय. पाचोऱ्याहून पुन्हा फोन आला नाही. मध्यस्थाने नंतर सांगितलं, त्यांचं म्हणणं पडलं, की मुलीच्या पगाराची सवय लागलेलं घर आहे, लग्नानंतरही तिचा जीव इकडेच ओढणार. तेव्हापासून आईने गल्लीत सांगून ठेवलं होतं. कुणी विचारलं तर आमची केतू घरीच असते. पेन्शनवर आमचं भागतं.

मी भिंतीवरून बोरसे काकूंना हाक मारली. काकू तोंडात लवंग धरूनच आल्या.

"काकू, परवाच्या त्या मुलाला तुम्ही काय सांगितलंत?"

"चांगलंच सांगितलं. तुझी आई मला भिंतीवरून म्हणाली, चौकशीचा माणूस आलाय, नीट बोला. मी म्हटलं, आता बघाच. पोरगी स्वयंपाकात हुशार, देवाधर्माचं करते, नोकरीचं तर नावसुद्धा काढत नाही. मान वर करून बोलत नाही म्हटलं."

"काकू, गेल्या रविवारी नळावरून आपलं केवढं भांडण झालं."

"ते त्याला कशाला सांगू?" काकूंनी आईकडे पाहिलं. "का गं, जमलं नाही का? मुलगा काय करतो?"

"मुलगा नाहीये, काकू. कंपनी आहे."

काकूंना ते समजायला वेळ लागला. मग त्या मट्कन ओट्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. लवंग पडली. मला राग आला होता, पण मीही हसले. "आता कंपन्यापण बघायला येतात का गं? मग हुंडा कोण देणार, ते की तुम्ही?" काकू म्हणाल्या. आई हसली नाही. ती मेथीची देठं गोळा करत होती.

"त्याला चहा तरी दिलास का?" मी विचारलं.

"पाणी दिलं. घाईत होता."

पुढे पुण्याच्या ऑफिसात मी हा किस्सा पुष्कळ वेळा सांगितला. जेवायच्या टेबलावर हमखास चालायचा. मी तो इथेच संपवायची, काकूंच्या हुंड्यावर. सगळे हसायचे. पुढचं मी कुणाला सांगितलं नाही.

काम मी खरंच केलं होतं. अण्णा गेले त्या वर्षी माझं इंजिनिअरिंग संपलं, आणि सहा महिन्यांनी आईच्या स्तनातली गाठ निघाली. नाशिकला उपचार सुरू झाले. तिथल्याच गोसावी सरांची तीन माणसांची छोटी कंपनी होती. कांद्याच्या व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करायचे. सर मला म्हणाले, कुठून काम करतेस याच्याशी मला घेणं नाही, लिलाव सुरू व्हायच्या आत प्रोग्रॅम चालला पाहिजे. मी दवाखान्यातून केलं, धर्मशाळेतून केलं, मग घरी आलो तेव्हा आईच्या कॉटशेजारी स्टूल ओढून केलं. आई बरी झाली आणि कंपनी बुडाली. सर मेहुण्याकडे मस्कतला निघून गेले. जाताना अनुभवाचं पत्र तेवढं देऊन गेले. पगार ते स्वतःच्या खात्यातून पाठवायचे, त्यामुळे बँकेचे कागदही कंपनीला पुरेसे वाटले नाहीत.

आणि गंमत अशी की या मोठ्या कंपनीने मला घेतलं ते त्या कांद्यामुळेच. पहिली चाचणी कॅमेऱ्यासमोर होती. खोलीत दुसरं कुणी दिसलं किंवा आवाज आला, की स्क्रीनवर पिवळी पट्टी यायची आणि तिची नोंद व्हायची. त्या दिवशी आईने कुकर लावला नाही. दाराला बाहेरून कुलूप घातलं, म्हणजे कुणी कडी वाजवणार नाही, आणि किल्ली मुठीत धरून चाचणी संपेपर्यंत काकूंच्या ओट्यावर बसून राहिली. मग मुलाखती सुरू झाल्या. एकाने स्वतःचा कॅमेरा बंद ठेवला होता आणि बहुतेक तो जेवत होता. एकीने मला मध्येच थांबवून माझं इंग्रजी दुरुस्त केलं. एकजण दिलेल्या तारखेला आलाच नाही. मी इस्त्रीचा कुर्ता घालून, मागे पांढरी चादर बांधून, बंद पडद्यासमोर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मेल आला की उमेदवार अनुपस्थित. ते निस्तरायला आठवडा गेला. शेवटच्या फेरीत एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी माझा अर्ज वाचत विचारलं, "कांदा? कांद्यात सॉफ्टवेअरचं काय काम?" मी सांगत गेले. लिलावात बोललेला भाव, वजनकाट्यावर पडणारी तूट, शेतकऱ्याला मिळणारी हिशोबाची पट्टी, आणि मधेच वीज गेली तर काय करायचं. ते विचारत गेले. शेवटी म्हणाले, "आमच्याकडच्या मुलांना वीज जाते हेच माहीत नाही."

तेवढ्यावर मला ती नोकरी मिळाली होती, आणि आईने त्या मुलाला नेमकं तेच सांगितलं होतं, की असं काही झालंच नाही.

संध्याकाळी मी निवेदिताबाईंना फोन करून चौकशीच्या माणसाचा प्रकार सांगितला. त्या पहिल्यांदाच हसल्या. मग म्हणाल्या, "मला पटतंय. माझं सासर अकोल्याचं आहे. पण मला पटून चालत नाही. आईंना उद्या सकाळी व्हिडिओवर बसवा. त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं, की आधी सांगितलं ते चूक होतं आणि खरं काय आहे. रेकॉर्ड होईल. दहा मिनिटांचं काम आहे."

आई ऐकत होती. मी फोन ठेवल्याबरोबर म्हणाली, "मी त्या कॅमेऱ्यासमोर बसणार नाही."

"का?"

"काय सांगू? लेकीच्या पगारावर जगले म्हणून सांगू? परक्या माणसांपुढे?"

"खरं आहे ते, आई."

"खरं असेल. घरात आहे ते घरात. रेकॉर्ड करायला कशाला पाहिजे?"

"मग नोकरी जाईल."

"जळगावला बघ ना एखादी. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळी परत यायचं. पाटलांची मुलगी जाते."

"पाटलांची मुलगी झेरॉक्सच्या दुकानात बसते."

"बसते तर बसते. घरी जेवायला असते."

मला पुढचं बोलायचं नव्हतं, पण मी बोलले. "तुझी इंजेक्शनं काय पेन्शनमधून आली का?"

आई उठली आणि आत गेली. भाकरी थापल्याचा आवाज नेहमीपेक्षा हळू येत होता. ताटं उचलताना तिने विचारलं, "उद्या किती वाजता आहे ते?"

"अकराला."

"बरं."

सकाळी ती लवकर न्हाली. अण्णांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला नेसलेली जांभळी नारायणपेठ काढली. डोक्याला फिकट जांभळा स्कार्फ बांधला. उपचार सुरू झाल्यापासून बाहेरच्या माणसासमोर ती स्कार्फशिवाय कधी गेली नव्हती. दूधवाला आला तरी आधी खुंटीवरचा स्कार्फ काढायची. मी मागची पांढरी चादर बांधायला लागले तर म्हणाली, "राहू दे. घर दिसू दे की."

निवेदिताबाई स्क्रीनवर आल्या. वयाने माझ्यापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी आईला नमस्कार केला, रेकॉर्डिंग सुरू करते म्हणून सांगितलं, आईचं नाव विचारलं.

"मंदाकिनी वसंत देवरे."

"काकू, तुमच्या मुलीने या दोन वर्षांत नोकरी केली होती का?"

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी शेजारी बसले होते, कॅमेऱ्यात अर्धी येत होते.

"केली होती. गोसावींकडे. कांद्याच्या व्यापाऱ्यांचं काम. चांदवडचा एक पारख म्हणून व्यापारी होता, त्याचा रोज सकाळी फोन यायचा. शिव्या द्यायचा. ही त्याला शांतपणे सांगायची, शेठ, आधी वजन टाका, मग भाव टाका. मला ते पाठ झालंय. माझं सलाईन चालू असायचं आणि ही शेजारी स्टुलावर बसून करायची. सिस्टर रागवायच्या, की इथे वायरी लावू नका. मग ही बॅटरी संपेपर्यंत करायची आणि चार्ज करायला खालच्या मेडिकलवाल्याकडे जायची."

निवेदिताबाई लिहून घ्यायच्या थांबल्या होत्या.

"आमचं घर तेव्हा हिच्यावरच चाललं," आई म्हणाली. "दूध, वीज, माझी औषधं. पेन्शन पुरली नसती. मी लेकीच्या पगारावर जगले. आधी मी नाही म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. लिहून घ्या."

मी टेबलाखाली तिचा हात धरायला गेले. तिने तो मांडीवर तसाच ठेवला, माझ्या हातात दिला नाही.

"झालं काकू," निवेदिताबाई म्हणाल्या. "एवढंच हवं होतं. तुम्हाला त्रास दिला. खरं तर चूक त्या मुलाची आहे. ओळखपत्र दाखवून, कंपनीचं नाव सांगून मगच विचारायचं, हा पहिला नियम आहे. मी एजन्सीला लिहिते आजच. पुन्हा त्याला आमच्या कामावर पाठवणार नाहीत."

निवेदिताबाईंनी आभार मानायला सुरुवात केली होती.

"थांबा," आई म्हणाली. "त्याला काढू नका."

"काकू, नियम आहे तो."

"त्याने नियम पाळला. कार्ड दाखवलं त्याने. गळ्यात होतं. नाव समाधान पगारे. तुमच्या कंपनीचं नाव सांगितलं, केतकी देवरे यांची निवड झालीय म्हणाला, त्यासाठी आलोय म्हणाला. सगळं नीट सांगितलं."

मी आईकडे पाहिलं. ती स्क्रीनकडेच बघत होती.

"तुमचीच परीक्षा त्याने दोन वेळा दिलीय," ती पुढे म्हणाली. "दोन्ही वेळा राहिला. आता दुसऱ्यांच्या घरी जाऊन हे विचारतो. दर घरामागे पैसे मिळतात म्हणाला. पाणी प्यायला आणि म्हणाला, ताईंना मिळाली, नशीबवान आहेत. त्याचं काही करू नका. चूक माझी आहे."

मला तो फोटो आठवला. निळा गाऊन, उघडं डोकं. मुलाकडच्या माणसासमोर आई तशी उभी राहिली असती का? आणि त्याला नुसतं पाणी देऊन घालवलं असतं? पाचोऱ्याचा माणूस खोली विचारायला आला तेव्हासुद्धा आईने त्याला पोहे खाल्ल्याशिवाय सोडलं नव्हतं, चौकशीला आलाय हे ओळखूनच. दोन दिवस मी हे सगळं डोळ्यांसमोर असून पाहिलं नव्हतं.

"म्हणजे कंपनीचा माणूस आहे हे तुम्हाला माहीत होतं," निवेदिताबाई सावकाश म्हणाल्या.

"हो."

"काकू, हे रेकॉर्ड होतंय."

"होऊ द्या."

"मग असं का सांगितलंत?"

आईने स्कार्फची गाठ चाचपली. "दोन वर्षं ही माझ्या उशाशी बसून काम करायची. त्या बटणांचा आवाज यायचा. टकटक, टकटक. मला त्याच्यावर झोप लागायची. थांबला की जाग यायची. तो मुलगा दारात म्हणाला, सोमवारी पुण्याला ना? आणि माझ्या तोंडून गेलं, की हिने कधी नोकरीच केलेली नाही. एकदा बोलल्यावर मग भिंतीवरून शेजारणीलाही सांगितलं. एवढंच आहे."

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"केतकी," निवेदिताबाई म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर जाल? मला काकूंशी बोलायचंय."

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. दार लोटलेलं होतं. शब्द कळत नव्हते. त्यांचा आवाज, मग आईचा, मग बराच वेळ काहीच नाही. मी उगाच नळ उघडला आणि बंद केला. नोकरी गेली, असं मी धरून चालले होते. खरं सांगायचं तर तेव्हा मला नोकरीचं वाईट वाटत नव्हतं. मी आतल्या आत आईशी भांडत होते, आणि एकाही वाक्याला ती मला उत्तर देत नव्हती.

"केतू, ये. त्या बोलावतायत."

निवेदिताबाईंचा आवाज पुन्हा कामाचा झाला होता. "तुमचा अनुभव ग्राह्य धरलाय. ऑफर कायम आहे. रुजू व्हायची तारीख मात्र नव्याने येईल, थोडी पुढे गेलीय. तो मुलगा कामावर राहील. काकू, जपा." आणि त्या गेल्या.

पडद्यावर आम्ही दोघीच राहिलो, छोट्या चौकोनात. आईने स्वतःकडे जरा पाहिलं आणि स्कार्फ सोडला.

"काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही. तब्येतीचं विचारत होत्या."

"आई, मला सांग ना. तू मला नको जाऊ म्हणाली असतीस तर."

"तर थांबली असतीस."

ते खरं होतं.

"म्हणूनच म्हटलं नाही," ती म्हणाली. "पोहे टाकते. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

तारीख दोन दिवसांनी पुढे गेली होती. सोमवारऐवजी बुधवार. मेलमध्ये तांत्रिक कारण लिहिलं होतं, आणि मला ते खरं वाटलं.

सोमवारी मला बाजारात जाऊन उशी, बादली, असलं सामान आणायचं होतं. आई म्हणाली, पुण्यात मिळत नाही का ते? बस इथे. दुपारी ती कॉटवर आडवी झाली आणि मला म्हणाली, "काहीतरी कर ना त्याच्यावर."

"काम नाहीये आता."

"मग उगाच कर."

मी स्टूल ओढलं, लॅपटॉप उघडला आणि सुचेल ते टाइप करत बसले. पुण्यापर्यंतच्या स्टेशनांची नावं, गल्लीतल्या सगळ्यांची नावं, चांदवडच्या शेठला शिकवलेली वाक्यं. आई भिंतीकडे तोंड करून झोपली. मंगळवारी दुपारी पुन्हा तेच. मला वाटलं, अजून अशक्तपणा आहे तिला.

ती पुण्याला कधी राहायला आली नाही. मी दर वेळी विचारायची. ती विचारायची, "पुण्यात माझं कोण आहे?" मी म्हणायची, मी आहे की. "तू ऑफिसात असशील," ती म्हणायची, आणि विषय संपायचा. सहा वर्षांनी आजार उलटला. शेवटचा महिना मी रजा घेऊन तिच्याजवळ होते. या मार्गशीर्षात ती गेली.

तेराव्याची जेवणं उरकली आणि माणसं पांगली त्या दुपारी निवेदिताबाईंचा फोन आला. कंपनी सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती. आता अकोल्यातच असतात. आम्ही एकत्र काम केलं ते थोडाच काळ, पण दिवाळीला मेसेज असायचा. कुणाकडून तरी त्यांना कळलं होतं.

बोलणं संपत आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुला बाहेर जायला सांगितलं होतं, आठवतं?"

"हो."

"काकूंनी सांगितलं कधी?"

"नाही. तब्येतीचं विचारलंत म्हणाली."

"मी त्यांना म्हटलं होतं, काकू, तुमचा आधीचा जबाब अजून तसाच आहे माझ्याकडे. रेकॉर्डिंग मी कुठे जोडलेलं नाही. तुम्हाला ती जायला नको असेल तर मी काहीच करत नाही. शुक्रवार उलटला की ऑफर आपोआप रद्द होईल. ती कुणालाही दोष देणार नाही, तुम्हाला तर नाहीच. मी असं बोलायला नको होतं. माझी नोकरी गेली असती. पण माझी आईसुद्धा तेव्हा एकटीच असायची."

"ती काय म्हणाली?"

"बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाल्या, पाठवा तिला. फक्त सोमवारी नको, बुधवारी घ्या. दोन दिवस जास्त मिळाले तर बघा."

मी हो म्हणाले, आणि फोन ठेवला.

बोरसे काकू स्वयंपाकघरात भांडी पालथी घालत होत्या. त्यांनी विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, ऑफिसातलं. काकू म्हणाल्या, त्यांना काही आहे की नाही, आजच्या दिवशी तरी.

ऑफिसातलेही बरेच मेल येऊन पडले होते. मी आईच्या खोलीत गेले, स्टूल ओढलं, लॅपटॉप उघडला आणि एकेकाला उत्तर द्यायला लागले. कॉटवरची गादी गुंडाळून ठेवली होती. काकूंनी त्यावर धुतलेली चादर घडी करून ठेवली होती. तिसऱ्या की चौथ्या मेलला मी एका शब्दाशी अडले आणि बोटं थांबली.

मान आपोआप कॉटकडे वळली. मी थोडा वेळ तशीच थांबले. मग पुन्हा टाइप करायला लागले.